छायाचित्रातला प्रदेश आणि चौकटीबाहेरची माणसे

आग्रा म्हटले की ताजमहाल डोळ्यांपुढे येतो आणि काश्मीर म्हटले की दल सरोवरातला शिकारा. ज्यांनी आग्रा किंवा काश्मीर कधी पाहिलेले नाही, त्यांच्याही मनात हीच चित्रे असतात. आग्र्यात लाखो माणसे राहतात, तेथे चामड्याचे कारखाने आहेत, शाळा आहेत, बाजार आहेत. परंतु आपल्या मनातल्या आग्र्यात यांपैकी काहीच नसते. आपल्या मनातले हे आग्रा कोणी तयार केले? कोणी तरी एका ठरावीक जागी, ठरावीक वेळी आणि ठरावीक हेतूने उभे राहून एक चित्र टिपले, ते हजारो प्रतींनी जगभर गेले आणि त्या चित्रालाच आपण ते गाव समजू लागलो.

एखाद्या प्रदेशाची ओळख अशा रीतीने कशी घडते, याचा इतिहास अभ्यासण्यासारखा आहे. प्रस्तुत लेखासाठी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा पश्चिम भाग निवडला आहे. तेथे ही प्रक्रिया जेमतेम पन्नास वर्षांत घडली. तिच्या तारखा, करार आणि कायदे उपलब्ध आहेत आणि मूळ छायाचित्रेही शिल्लक आहेत. आपल्या विद्यार्थ्यांची अशी समजूत असते की इतिहासाची साधने म्हणजे शिलालेख, नाणी, फर्माने आणि बखरी. छायाचित्र हेही तितकेच महत्त्वाचे साधन आहे. मात्र ते वाचायला शिकावे लागते.

सोने, सैनिक आणि काच

छायाचित्रणाची कला जगापुढे आली ती १८३९ साली. पुढे १८४८च्या जानेवारीत कॅलिफोर्नियात सोने सापडले आणि साऱ्या जगातून माणसांचे लोंढे तिकडे निघाले. १८५० साली कॅलिफोर्निया अमेरिकेचे एक राज्य झाले.

विद्यार्थ्यांनी १८५१ हे साल विशेष लक्षात ठेवावे. या वर्षी दोन घटना घडल्या. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने 'ओल्या काचे'ची पद्धत प्रसिद्ध केली. त्यामुळे काचेच्या एका पट्टीवरून छायाचित्राच्या हव्या तितक्या कागदी प्रती काढता येऊ लागल्या. दुसरी घटना कॅलिफोर्नियातली. मारिपोसा बटालियन नावाची सशस्त्र तुकडी सिएरा नेवाडा पर्वतातील एका खोल दरीत शिरली. त्या दरीत राहणाऱ्या मूळ रहिवाशांना हुसकावून लावणे, हे तिचे काम होते.

या लोकांना आवानीची म्हणत. त्यांच्या प्रमुखाचे नाव तेनाया असे होते. (आपल्या जुन्या पाठ्यपुस्तकांत अशा सर्वच लोकांना सरसकट 'रेड इंडियन' म्हटले जाई. प्रत्यक्षात त्यांच्या शेकडो वेगवेगळ्या जमाती आणि भाषा होत्या व आहेत.) दरीला 'योसेमिटी' हे नाव दिले ते या तुकडीने. दरीत तीन शिखरे एकापुढे एक उभी आहेत. तेथे तेनायाचे तीन मुलगे पकडले गेले, म्हणून त्या शिखरांना 'तीन भाऊ' असे नाव पडले. त्यांतील एक मुलगा पुढे गोळी लागून मरण पावला. तुकडीतील डॉक्टर बनेल याने एका सुंदर सरोवराला तेनायाचे नाव दिले आणि हा सन्मान म्हणून त्याला सांगितले. तेव्हा त्या वृद्ध प्रमुखाने उत्तर दिले की या सरोवराला आधीच एक नाव आहे. हे संभाषण बनेल यानेच आपल्या पुस्तकात नोंदवून ठेवले आहे.

प्रसिद्धीची सुरुवात

जेम्स हचिंग्ज नावाचा एक इंग्रज सोन्याच्या शोधात कॅलिफोर्नियात आला होता. या प्रदेशाची खरी कमाई जमिनीखालच्या सोन्यापेक्षा जमिनीवरच्या देखाव्यांतून होईल, हे त्याच्या लवकर ध्यानात आले. १८५५ साली एका चित्रकाराला बरोबर घेऊन तो योसेमिटीत गेला. १८५६ साली त्याने एक मासिक काढले आणि त्यातून दरीची वर्णने व चित्रे छापण्यास सुरुवात केली. परंतु हाताने काढलेल्या चित्रावर लोकांचा पुरता विश्वास बसत नाही. चित्रकाराने पर्वत वाढवून काढला असेल, धबधबा उंच केला असेल, अशी शंका येतेच. म्हणून १८५९ साली चार्ल्स वीड नावाच्या छायाचित्रकाराला दरीत नेण्यात आले. योसेमिटीची पहिली छायाचित्रे त्याने काढली. पुढे हचिंग्जने त्याच दरीत हॉटेल चालविले. मासिक, छायाचित्र आणि हॉटेल हे तीन दुवे जोडणारा हा गृहस्थ आजच्या पर्यटन व्यवसायाचा एक आद्य पुरुष म्हणावा लागेल.

वॉटकिन्सचा पराक्रम

ज्याच्या छायाचित्रांनी योसेमिटी जगभर पोहोचली, तो माणूस म्हणजे कार्लटन वॉटकिन्स. त्याचा जन्म १८२९ साली न्यूयॉर्क राज्यातील ओनिओंटा या गावी झाला. तरुण वयात तो कॅलिफोर्नियात आला आणि तेथेच छायाचित्रण शिकला. त्या काळी छायाचित्र मोठे करण्याची सोय व्यवहारात नव्हती. जेवढी काच, तेवढेच चित्र. उत्तुंग कडे कागदावर भव्य दिसावेत, तर काचही तशीच मोठी हवी. म्हणून वॉटकिन्सने १८ × २२ इंच मापाच्या काचा बसतील असा प्रचंड कॅमेरा खास बनवून घेतला आणि १८६१ साली सुमारे डझनभर खेचरांवर सामान लादून तो दरीत उतरला.

हे काम किती कष्टाचे होते, याची आजच्या पिढीला कल्पना यावी म्हणून थोडा तपशील देतो. काळोख्या तंबूत शिरून काचेवर कोलोडियन नावाचे चिकट द्रावण सर्वत्र सारखे पसरायचे. मग ती काच चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची. ती ओली असतानाच धावत कॅमेऱ्यात बसवायची, चित्र घ्यायचे, पुन्हा तंबूत धावत जाऊन ते उमटवायचे आणि धुवायचे. काच वाळली की सारी मेहनत फुकट. धुळीचा कण बसला तर डाग, वारा सुटला तर झाडांची पाने पुसट. काच फुटण्याची भीती परतीच्या वाटेवर अखेरपर्यंत असे. एवढे सगळे सोसून वॉटकिन्सने त्या मोहिमेत तीस मोठी आणि शंभर जोडचित्रे आणली. दोन भिंगांच्या दुर्बिणीसारख्या साधनातून जोडचित्र पाहिले की देखावा खोल, खरोखरीचा भासे. अमेरिकेत घरोघरी दिवाणखान्यात हे साधन असे. आज टेलिव्हिजनला जे स्थान आहे तेच त्या काळी त्याला होते, असे म्हटले तरी चालेल.

१८६२च्या डिसेंबरात ही मोठी छायाचित्रे न्यूयॉर्कमध्ये मांडण्यात आली. तेव्हा अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. वृत्तपत्रांत रणांगणावरील प्रेतांची वर्णने येत होती आणि इकडे भिंतीवर शांत सरोवरे, शुभ्र धबधबे व ढग नसलेले आकाश होते. (आकाशात ढग नव्हते असे नाही. त्या काचेवर निळा रंग लवकर उमटे, त्यामुळे आकाश कोरे पांढरे येई.) युद्धाने विटलेल्या मनांना त्या चित्रांत एक निष्पाप, नवी अमेरिका दिसली. युरोपजवळ जुनी प्रार्थनामंदिरे आणि राजवाडे असतील, पण आमच्याजवळ निसर्गाने बांधलेली मंदिरे आहेत, असा अभिमान त्यातून जागा झाला.

याचे फळ लवकरच दिसले. १८६४च्या फेब्रुवारीत इझ्रेल रेमंड या गृहस्थाने कॅलिफोर्नियाचे सिनेटर जॉन कॉनेस यांना एक पत्र लिहिले. ही दरी लोकांसाठी राखून ठेवावी, अशी त्यात सूचना होती आणि सोबत वॉटकिन्सची छायाचित्रे होती. हा रेमंड कोण? तो एका आगबोट कंपनीचा प्रतिनिधी होता. पूर्वेकडून कॅलिफोर्नियाला जितके प्रवासी येतील, तितका त्या कंपनीचा फायदा. कॉनेस यांनी विधेयक मांडले आणि ३० जून १८६४ रोजी अध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी त्यावर सही केली. योसेमिटीची दरी आणि मारिपोसाचे प्रचंड वृक्षांचे बन जनतेच्या उपयोगासाठी व विरंगुळ्यासाठी कॅलिफोर्निया राज्याच्या हवाली करण्यात आले. सरकारने निसर्गदृश्य म्हणून जमीन राखून ठेवण्याचे हे जगातील अगदी आरंभीचे उदाहरण होय. नुसत्या छायाचित्रांनी कायदा झाला असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. परंतु ज्या सभासदांनी मते दिली, त्यांतील बहुतेकांनी ती दरी कधीच पाहिली नव्हती. त्यांच्यापुढे आधार होता तो या कागदांचा.

आगगाडीचा हात

१८६२च्या कायद्याने अमेरिकेचे दोन किनारे जोडणाऱ्या लोहमार्गाचे काम हाती घेण्यात आले. युनियन पॅसिफिक कंपनी पूर्वेकडून आणि सेंट्रल पॅसिफिक कंपनी पश्चिमेकडून रूळ टाकत निघाली. १० मे १८६९ रोजी युटा प्रांतात प्रोमॉन्टरी येथे दोन्ही मार्ग एकमेकांना मिळाले. दोन्ही कंपन्यांनी पगारी छायाचित्रकार नेमले होते. सेंट्रल पॅसिफिकसाठी आल्फ्रेड हार्ट आणि युनियन पॅसिफिकसाठी अँड्र्यू रसेल. रसेलच्या पन्नास छायाचित्रांचा एक देखणा संग्रह युनियन पॅसिफिकने १८६९ सालीच प्रसिद्ध केला.

रेल्वे कंपनीला छायाचित्रांची एवढी हौस का असावी? उत्तर सोपे आहे. लोहमार्ग बांधण्यासाठी सरकारने या कंपन्यांना मार्गाच्या दुतर्फा अफाट जमिनी दिल्या होत्या. नॉर्दर्न पॅसिफिक या एका कंपनीला मिळालेली जमीन सुमारे चार कोटी एकर होती. जमीन विकायची तर वस्ती करणारे लोक हवेत, कर्जरोखे विकायचे तर धनिकांचा विश्वास हवा आणि गाड्या भरायच्या तर प्रवासी हवेत. या तिन्ही गोष्टींसाठी एकच चित्र उपयोगी होते. विस्तीर्ण, सुंदर आणि मोकळा प्रदेश.

यलोस्टोनची गोष्ट याच मार्गाने गेली. या भागात जमिनीतून उकळत्या पाण्याचे फवारे उडतात, असे शिकारी लोक सांगत, पण ते गप्पा मारतात असेच सर्वांना वाटे. १८७१ साली हेडन या भूगर्भशास्त्रज्ञाच्या सरकारी पाहणी पथकाबरोबर विल्यम हेन्री जॅक्सन हा छायाचित्रकार आणि थॉमस मोरन हा चित्रकार तेथे गेले. मोरनच्या प्रवासासाठी पैसे उसने देणाऱ्यांत जे कुक हा पेढीवाला होता आणि कुक हाच नॉर्दर्न पॅसिफिकचे कर्जरोखे विकत होता. यलोस्टोन सार्वजनिक उद्यान म्हणून राखून ठेवावे, अशी सूचना हेडनकडे लेखी पोहोचली तीही कुकच्याच कचेरीतून. जॅक्सनची छायाचित्रे काँग्रेसच्या सभासदांपुढे ठेवण्यात आली आणि १ मार्च १८७२ रोजी सुमारे बावीस लाख एकरांचे यलोस्टोन हे पहिले राष्ट्रीय उद्यान अस्तित्वात आले. पुढे याच रेल्वेचा अधिकृत छायाचित्रकार फ्रँक हेन्स याने तर १८८५पासून वीस वर्षे रेल्वेच्या एका डब्यातच आपला स्टुडिओ थाटला होता. कंपनीच्या माहितीपुस्तकांचे नावच 'आश्चर्यभूमी' असे होते.

चौकटीबाहेर कोण राहिले?

आता ती छायाचित्रे आपण दुसऱ्यांदा पाहू या. पहिल्यांदा पाहताना काय आहे ते दिसते. दुसऱ्यांदा पाहताना काय नाही ते शोधायचे असते.

योसेमिटीच्या त्या गाजलेल्या देखाव्यांत आवानीची लोक जवळजवळ नाहीत. ते तेव्हा दरीतून पूर्णपणे नाहीसे झाले होते काय? तसे नाही. हुसकावलेल्यांपैकी अनेक जण परतले होते आणि आपल्याच भूमीत मोलमजुरी करून राहत होते. त्या काळी चित्र घ्यायला वेळ लागे, माणसे हलतात म्हणून ती आली नाहीत, असेही म्हणता येत नाही. त्याच काळात त्याच पद्धतीने माणसांची हजारो छायाचित्रे काढली गेली. खरी गोष्ट अशी की विकण्याजोगा देखावा निर्जन असावा लागे. मोठी मौज म्हणजे वॉटकिन्सने अनेक चित्रांखाली मूळ रहिवाशांनी दिलेली नावे छापली. उंच कड्याखाली 'तुतोकानुला' आणि तीन भावांखाली 'पोम्पोम्पासोस'. शब्द ठेवले, ते शब्द बोलणारी माणसे वगळली.

याहून मोठा गैरसमज जमिनीबद्दल झाला. वॉटकिन्सच्या चित्रांतील दरीचा तळ मोकळा, कुरणांचा आणि ऐटदार ओक वृक्षांचा दिसतो. पाहणाऱ्यांना वाटले, ही मनुष्याचा हात न लागलेली सृष्टी. वस्तुतः ती मनुष्याच्या हाताने राखलेली सृष्टी होती. आवानीची लोक नियमाने गवताला आग लावून झुडपे काबूत ठेवीत, कारण ओकची फळे हे त्यांचे मुख्य अन्न होते. माणसे गेली, आगी थांबल्या आणि सूचिपर्णी झाडे कुरणांत घुसली. आज त्याच जागी उभे राहून छायाचित्र काढले तर कित्येक ठिकाणी पूर्वीचे कुरण झाडीने झाकलेले आढळते. म्हणजे ज्याला जगाने निसर्गाची बाग म्हटले, तिचे माळी चौकटीबाहेर उभे होते.

यलोस्टोनमध्ये शोशोनी जमातीचे तुकुदिका लोक राहत. त्यांनाही तेथून हलविण्यात आले. उद्यानाचा अधिकारी नॉरिस याने असा समज पसरविला की हे लोक गरम पाण्याच्या फवाऱ्यांना भितात, त्यामुळे ते इकडे फिरकत नाहीत. हेतू उघड होता. प्रवाशांना निर्धास्त वाटले पाहिजे. पुढे विसाव्या शतकात याच्या उलट प्रकार झाला. ब्लॅकफीट जमातीने १८९५ साली पंधरा लाख डॉलरला ज्या डोंगराळ पट्ट्यावर पाणी सोडले, तेथे १९१० साली ग्लेशियर राष्ट्रीय उद्यान झाले. मग ग्रेट नॉर्दर्न रेल्वेने त्याच ब्लॅकफीट लोकांना पिसांचा पेहराव चढवून आपल्या जाहिरातींत उभे केले. आधी चौकटीतून बाहेर काढणे आणि नंतर शोभेसाठी चौकटीत आणून बसविणे, ही एकाच नाण्याची दोन बाजू आहेत.

तिसरे उदाहरण प्रोमॉन्टरीचे. १० मे १८६९ रोजी रसेलने काढलेले छायाचित्र अमेरिकेच्या इतिहासाच्या पुस्तकांत हटकून असते. दोन इंजिने समोरासमोर उभी, मध्ये दोन अधिकारी हस्तांदोलन करीत आहेत आणि भोवती माणसांची गर्दी. सेंट्रल पॅसिफिकचा मार्ग सिएराच्या कातळातून सुरुंग लावून ज्यांनी काढला, त्या मजुरांत बहुसंख्य चिनी होते, त्यांची संख्या हजारोंनी होती. हार्टच्या काही छायाचित्रांत ते डोंगराच्या कापात ठिपक्याएवढे दिसतात. या समारंभाच्या चित्रात मात्र ते नजरेस येत नाहीत. तेरा वर्षांनी, १८८२ साली, चिनी मजुरांना अमेरिकेत येण्यास बंदी करणारा कायदा झाला. छायाचित्रामुळे कायदा झाला असे नव्हे. पण ज्यांना देशाच्या चित्रात जागा नसते, त्यांना देशात जागा नाकारणे सोपे जाते.

या प्रसंगाचा पुढचा भाग आपल्या विद्यार्थ्यांनी आवर्जून लक्षात ठेवावा. न्यूयॉर्कमध्ये कॉर्की ली नावाच्या एका चिनी वंशाच्या मुलाने शाळेच्या पुस्तकात हे छायाचित्र पाहिले. आपल्या लोकांनी हा मार्ग बांधला असे ऐकले होते, मग चित्रात ते का नाहीत, हा प्रश्न त्याच्या मनात घर करून राहिला. मोठेपणी तो स्वतः छायाचित्रकार झाला. १० मे २०१४ रोजी त्याने चिनी मजुरांच्या वंशजांना आणि इतर आशियाई अमेरिकन नागरिकांना त्याच प्रोमॉन्टरीत, त्याच रुळांवर एकत्र आणले आणि ते छायाचित्र नव्याने काढले. २०२१ साली त्याचे निधन झाले. शाळकरी मुलाने पुस्तकातल्या चित्राला विचारलेला एक प्रश्न कोठवर जातो, हे यावरून दिसते.

प्रदेशाची ओळख आणि तिची किंमत

या छायाचित्रांनी केवळ वाईट केले, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. ती नसती तर योसेमिटीचे वृक्ष कदाचित करवतीखाली गेले असते. राष्ट्रीय उद्यानांची कल्पना पुढे जगभर पसरली, तिच्या मुळाशी वॉटकिन्स व जॅक्सन यांच्या काचा आहेत. शिवाय पश्चिमेत नव्याने आलेल्या, नाना देशांच्या, नाना भाषांच्या माणसांना या चित्रांनी एक समान ओळख दिली. खाणकामगारांची दांडगाईची छावणी म्हणून ज्या कॅलिफोर्नियाची अपकीर्ती होती, तोच प्रदेश वीस वर्षांत निसर्गाचे वैभव म्हणून ओळखला जाऊ लागला. १८६७च्या पॅरिस प्रदर्शनात वॉटकिन्सच्या छायाचित्रांना पदक मिळाले.

त्यानंतर चित्र आणखी बदलले. १८८०च्या दशकाच्या अखेरीस वॉटकिन्सने कॅलिफोर्नियातील कर्न परगण्याची छायाचित्रे काढली. तेथे कालव्यांच्या पाण्यावर ओलिताखाली आणलेल्या जमिनी विकायच्या होत्या. त्यांतले एक छायाचित्र फारच प्रसिद्ध आहे. लाकडी पेटीत ओळीने मांडलेली टपोरी पीच फळे. बस्स, एवढेच. पण दूरच्या थंड प्रदेशातल्या शेतकऱ्याला ती पेटी काय सांगत असेल? या, येथे सोने खणावे लागत नाही, ते झाडाला लागते. सोन्याची भूमी, मग देखाव्यांची भूमी, मग फळांची भूमी. कॅलिफोर्नियाच्या ओळखीची ही तिन्ही रूपे कोणाच्या तरी विक्रीच्या गरजेतून आली आणि तिथले लोक हळूहळू स्वतःकडेही त्याच नजरेने पाहू लागले.

ज्याने एवढ्या मोठ्या प्रदेशाला चेहरा दिला, त्या वॉटकिन्सच्या नशिबी काय आले? १८७०च्या दशकातील मंदीत तो कर्जात बुडाला आणि त्याच्या काचा सावकाराच्या हाती गेल्या. दुसऱ्या छायाचित्रकाराने त्याच काचांवरून प्रती काढून स्वतःच्या नावाने विकल्या. वॉटकिन्स पुन्हा त्याच दऱ्यांत गेला आणि साठ वर्षांचा होत आला तरी नव्याने संग्रह जमवीत राहिला. पुढे त्याची दृष्टी गेली. काही काळ त्याच्या कुटुंबाला रेल्वेच्या जुन्या डब्यात राहावे लागले. १९०६ साली सॅन फ्रान्सिस्कोला भूकंप झाला आणि पाठोपाठ आग लागली. त्यात त्याचा सारा स्टुडिओ भस्मसात झाला. १९१० साली त्याला मनोरुग्णालयात ठेवण्यात आले आणि १९१६ साली तेथेच त्याचा अंत झाला. त्याच वर्षी अमेरिकेत राष्ट्रीय उद्यानांचे स्वतंत्र सरकारी खाते स्थापन झाले. योसेमिटीतील एका शिखराला वॉटकिन्सचे नाव आहे. ज्या मूळ रहिवाशांच्या वस्तीकडे कॅमेऱ्याने पाठ फिरविली होती, ती दरीतली शेवटची वस्ती १९६९ साली मोडण्यात आली.

आपण काय घ्यावे?

या साऱ्या गोष्टींशी आपला काय संबंध, असा प्रश्न काही पालक विचारतील. एक धागा तर प्रत्यक्षच आहे. यलोस्टोनचा तोच जॅक्सन १८९४ ते १८९६ या काळात जगातील वाहतुकीची पाहणी करणाऱ्या एका अमेरिकन मंडळाबरोबर निघाला आणि हिंदुस्थानातही येऊन गेला. त्याने येथे काढलेली छायाचित्रे वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जपून ठेवलेली आहेत. म्हणजे ज्या डोळ्याने अमेरिकेचा पश्चिम भाग जगाला दाखविला, त्याच डोळ्याने आपल्यालाही पाहून नेले आहे.

दुसरा धागा अधिक जवळचा आहे. पर्यटनाचे कॅलेंडर किंवा भित्तिपत्रक घ्या. कोकण म्हणजे निळा समुद्र, माड आणि रिकामा किनारा. त्या किनाऱ्यावर पहाटे जाळी ओढणारे, मासळी वाळत घालणाऱ्या बायका, मुंबईला किंवा आखाती देशांत गेलेल्या मुलांच्या मनिऑर्डरीची वाट पाहिलेली घरे त्यात दिसतात काय? चित्र खोटे नाही. समुद्र निळाच आहे. पण अर्धे सत्य भिंतीवर वर्षभर टांगले की ते पूर्ण सत्य वाटू लागते.

आणि दुसऱ्यांना हा प्रश्न विचारताना आपण स्वतःलाही तो विचारला पाहिजे. आपल्या संस्थांच्या स्मरणिका चाळून पाहा. इमारत आहे, कोनशिला आहे, प्रमुख पाहुणे आहेत, हारतुरे आहेत. ते असावेतच, त्यांचे ऋण मोठे आहे. परंतु पायाचे दगड वाहणारे गवंडी व मजूर, रोज पहाटे वर्ग झाडणारे शिपाई, दागिना मोडून मुलीची फी भरणारी आई, शाळेत येणारी पहिली मुलगी यांची छायाचित्रे किती सापडतील? पन्नास वर्षांनी कोणी आपला इतिहास लिहू लागला, तर तो आपल्याकडे जे चित्र असेल त्यावरूनच लिहील. चौकट आपल्या हाती असताना आपण कोणाला बाहेर ठेवतो, याचा जाब तेव्हा आपल्यालाच द्यावा लागेल.

म्हणून विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी दोन कामे सुचवितो. पाठ्यपुस्तकातले, वर्तमानपत्रातले किंवा हातातल्या मोबाइलवरचे कोणतेही छायाचित्र पाहाल, तेव्हा चार प्रश्न विचारा. हे कोणी काढले? कोणाच्या पैशाने काढले? काय विकण्यासाठी काढले? आणि येथे कोण असायला हवे होते, पण नाही? दुसरे काम घरचे आहे. घरात जुन्या पेटीत, कपाटात, निकाहनाम्याच्या किंवा पासपोर्टच्या कागदांत काही जुनी छायाचित्रे असतीलच. दादा-दादी, नाना-नानी यांच्याजवळ बसा आणि त्यांतल्या प्रत्येक माणसाचे नाव, गाव व साल विचारून घ्या. चित्राच्या मागे शिसपेन्सिलीने हलक्या हाताने ते लिहून ठेवा. शाईने लिहू नका, ती कागदातून पलीकडे उमटते. नावे सांगणारी माणसे आपल्यात आहेत तोवरच हे काम होऊ शकते.